‘ॲन्कर’चं मूळ आगरदांड्यात

४ जानेवारी १९५३
आज मोठा शोध लागला. सकाळी धक्क्यावर काळूराम होडीचा नांगर टाकत होता आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. नांगर. ॲन्कर. साहेबाचा ‘ॲन्कर’ आपल्या नांगरातूनच निघाला! पुढचा ‘न’ बोटीत चढताना पाण्यात पडला असणार. संकल्प: पंधरवड्यात संस्कृत, लॅटिन, ग्रीक उरकणे.

५ जानेवारी
ग्रीक पुढे ढकललं. सर्दी. शिवाय अक्षरंच ओळखीची नाहीत. संस्कृतात ‘लांगल’ सापडला, पण तो शेतातला नांगर. म्हणजे मूळ बरोबर, फक्त कोरड्यात.

११ जानेवारी
सतरा तारखेला डिप्टीसाहेब शाळा तपासायला येणार. हेडमास्तरांनी मला भाषणाला अर्धा तास दिला. तयारी दीड तासाची झालीय. मुरूडच्या हायस्कुलात इंग्रजीची जागा रिकामी आहे, ती आता माझीच. बायकोला सांगितलं, कमळ, सामान बांधायला लाग. ती म्हणाली, आधी लॅटिन होऊ द्या.

१६ जानेवारी
भाषणाला खरा नांगर हवा. काळूराम म्हणाला, न्हाय मास्तर, ओहोटीला होडी व्हावत जाईल. मी म्हणालो, दोराने खुंटाला बांधू, गाठ मी स्वतः मारतो. स्काउटात शिकलोय. (दोन दिवस गेलो होतो.) बिचारा तयार झाला.

१७ जानेवारी, दुपार
भाषण रंगलं! ‘न’ नेमका कुठे पडला ते सांगत होतो, तोच काळूरामची बायको बायजा दारातून ओरडली, मास्तरांची गाठ सुटली, होडी गेली! हेडमास्तरांसकट सगळी शाळा धक्क्याकडे पळाली. साहेब एकटे बसून राहिले. जाणकार माणूस. म्हणाले, ॲन्कर ग्रीकातून लॅटिनमार्गे आला, तुमच्या होडीचा नांगर फारसी ‘लंगर’. दोघांची ओळखसुद्धा नाही.
किरकोळ मतभेद.

१८ जानेवारी
होडी दिघीकडच्या खडकात सापडली. दोन फळ्या फुटल्या. बायजा शाळेतून नांगर उचलून घेऊन गेली, माझ्याकडे बघितलंही नाही. मदतीला गेलो. काळूराम म्हणाला, मास्तर, तुमी फकस्त लांब ऱ्हावा.

२ फेब्रुवारी
हुकूम आला. हायस्कूल नाही. सातवीही काढून घेतली. आजपासून पहिली.
अ अननसाचा. हा शब्द पोर्तुगिजांबरोबर आला, असं सांगायला घेतलं. पहिल्या रांगेतली जनी उभी राहिली. म्हणाली, मास्तर, मूळ ऱ्हाऊ द्या, लागतो कसा?
मी अजून खाल्लेला नाही.