कमरेची दोरी

१२ डिसेंबर १९३१

मामंजी आज पडले! गंगेपार रेतीवर, गाईच्या पायाशी! तिथला गवळी झगडू अहीर त्यांना नावेत घालून घाटावर घेऊन आला. गुडघा सोलवटलेला, शेंडीत रेती. हळद लावायला बसले तर म्हणतात, "कालिंदी, आधी भैरूला बघ."

झगडू दारातूनच कपाळ बडवत होता — "रसरी छोड़ दा, छोड़ दा, केतना चिल्लइली!" सोडणार कशी? दोरी कमरेला बांधलेली! स्नानानंतर कुत्र्याची दोरी हातात धरायची नाही. हात पूजेचे! आणि कंबर काय शेजाऱ्यांची? गाय नुकती व्यालेली, बाजूला वासरू. ती धावली भैरूवर. तो बिचारा पळाला असता, पण मागे मामंजी बांधलेले. दोघेही फरफटले.

हसावं की रडावं कळेना. आधी रडले, मग हसले.

१३ डिसेंबर

ह्यांनी फर्मान काढलं. "बस्स झालं. पुढच्या रविवारी कुत्रा रामनगरला सोडून येतो. आणि बाबांचं पार जाणं बंद."

हे घाबरलेत, मला कळतं. पण श्रावणात सासूबाई गेल्यापासून मामंजी स्नान करून यायचे आणि भिंतीकडे तोंड करून बसायचे, ते दिवस हे विसरले का? भैरू सासूबाईंच्या हातच्या तुकड्यांवर वाढलेला. तोही दारात तसाच बसायचा. एका सकाळी तो भुंकभुंक भुंकला आणि मामंजी उठले. तेव्हापासून रोज नाव, रोज रेती. जेवण जायला लागलं, झोप लागायला लागली. कुत्रा गेला की पुन्हा ती भिंत.

१६ डिसेंबर

आज धीर केला. म्हटलं, "मामंजी, आधी फेरी, मग स्नान. म्हणजे दोरी हातात धरता येईल. वासरू दिसलं की लांबून वळसा. तरी गाय आलीच तर दोरी सोडून द्यायची. भैरू तिच्यापेक्षा जोरात पळतो, तुम्ही नाही."

"मुंज झाल्यापासून आधी स्नान. आता कुत्र्यापायी मोडू?"

"सासूबाईंनी सांगितलं असतं तर?"

बोलून गेले आणि जीभ चावली. मामंजी उठून आत गेले. रात्री जेवले नाहीत. माझं तोंड म्हणजे!

१९ डिसेंबर

उद्या रविवार. भैरूने आज माझी चप्पल फाडली. त्या मेल्यावर रागावताही येईना.

२० डिसेंबर

पहाटे दार वाजलं. मामंजी — पारोसे! उभ्या जन्मात पारोसे मामंजी पाहिले नव्हते. हातात दोरी, दोरीला भैरू. "चल. तुझा नवरा उठायच्या आत."

पार गेलो. वासरू दिसताच मामंजींनी एवढा मोठा वळसा घेतला की मला वाटलं, पंचक्रोशीच्या यात्रेला निघालो! तरी ती गाय आलीच, शिंगं खाली घालून. मी ओरडायच्या आत मामंजींनी मूठ उघडली. भैरू जो सुटला तो थेट नावेत! गाय चार पावलं त्याच्यामागे गेली, फुरफुरली, परत वासराला चाटायला लागली. आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मामंजी हसले. खदखदून! ते हसणं मी विसरूनच गेले होते. लांबून झगडू ओरडला, "वाह पंडितजी!"

घरी हे अंगणात, कोट चढवून, रामनगरला निघायच्या तयारीत. मामंजींनी सगळं रंगवून सांगितलं, गाईचं फुरफुरणंही करून दाखवलं. हे ऐकत राहिले. मग कोट काढून खुंटीला लावला. काय ठरलं कोण जाणे. विचारायची हिंमत झाली नाही.

२१ डिसेंबर

मामंजी फेरी करून आले आणि भैरूलाच घेऊन गंगेत उतरले! दोन्ही हातांनी त्याला चोळत होते, त्याच पूजेच्या हातांनी. राजा घाटावरचे वैदिक ब्राह्मण मंत्र विसरले. आणि दोरी धरून गुडघाभर थंड पाण्यात उभे होते कोण — हे!