तिसऱ्या हाकेपर्यंत

१८ ऑक्टोबर २००४, सिंदेवाही
आजपासून टेलिफोनकडे लक्ष द्यायचं नाही. जन्मभर चंद्रपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये इंग्लिश शिकवलं, रिटायर होऊन गावी आले, आणि माझ्याच पोटची पोरगी गुडगावच्या कॉल सेंटरमध्ये बसून अमेरिकनांच्या बिघडलेल्या वॉशिंग मशीनच्या तक्रारी ऐकते. तिथे तिचं नाव रेचल! मार्चमध्येच मी तिला बजावलं, रेचल नावाची मुलगी मी जन्माला घातलेली नाही. फोन करायचा तर रीता म्हणून कर. तेव्हापासून फोन नाही. माझं काही अडलेलं नाही.
(रीता हे नाव मीच ठेवलं, आमच्या सिस्टर रीटांवरून. सासूबाईंना येसू हवं होतं. ती गोष्ट वेगळी.)

२१ ऑक्टोबर
फोन हॉलमधून माझ्या खुर्चीशेजारी आणला. हॉलमध्ये ओल येते.

२६ ऑक्टोबर, दिवेलागण
फोन वाजला. कोणी बोलेना. मागे पुष्कळ माणसांची कुजबुज, जत्रेसारखी, पण एक शब्द आपला नाही. मग श्वास. मग कट.
सुगंधाबाई भांडी घासायची थांबली. राखेच्या हातांनी दारात येऊन म्हणाली, ‘बाई, पयल्या हाकेले ओ देऊ नका जी. तिनीसांजेले मेलेलं मानूस हाक मारते. जित्तं असंन तं तीनदा मारते.’ मी म्हटलं, भुतांना टेलिफोनचं कनेक्शन मिळत नाही, जिवंतांनाच मिळता मिळत नाही. ती म्हणाली, ‘आता सबनले भेटते बाई. दुनिया कुठच्या कुठी गेली.’
अशिक्षितांशी वाद नको.

२९ ऑक्टोबर
पुन्हा तीच वेळ. आज एक मुलगी बोलली. ‘हाय, इज धिस मिसेस कॉटपलीवॉर?’ कोतपल्लीवार या आडनावाचं इतकं वाटोळं आजवर सरकारी कचेरीनंही केलं नव्हतं. क्रेडिट कार्ड विकणारी, दुसरं कोण? नळाला पाणी एक दिवसाआड आणि कार्ड मात्र दाराशी! मी सांगितलं, बाई गं, नाक श्वास घ्यायला असतं, बोलायला तोंड. ती हसली. हसणं मध्येच तुटलं, उचकी लागावी तसं. रीता असंच हसते.
लाखो मुली असं हसत असतील. मी फोन ठेवला.

१ नोव्हेंबर
नवा नियम: फोन लागोपाठ तीनदा आला तरच उचलायचा. भुतांमुळे नव्हे, या विक्रेत्या पोरींना शिस्त लागावी म्हणून. सुगंधाबाई खूश. तिच्या खुशीचा माझ्या नियमाशी संबंध नाही.

५ नोव्हेंबर
दोनदा आला. थांबला.

६ नोव्हेंबर
दोनदा. माझा हात रिसीव्हरवरच होता, धूळ पुसत होते. सुगंधाबाई म्हणाली, ‘पायजा, दोनदाच वाजते. मंग जित्तं नोहे.’ तिनं फोनवरून मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. मी अडवलं नाही. वेळ वाचतो.

१२ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन
गावभर चायनाच्या माळा. निषेध म्हणून मी पणत्या लावल्या. वाऱ्यानं विझल्या. मुखरूच्या दुकानातून माळ आणावीच लागली. ती भिंतीवर उघडझाप करते. रीताचा फोटो दिसतो, नाहीसा होतो, दिसतो. प्लग काढला.
फोन दोनदा.

२० नोव्हेंबर, मंडई
दिवाळीनंतरच्या या जत्रेला गावचं माणूस कुठेही असो, परत येतं. रीतानं एकही चुकवलेली नाही. मी कोथिंबीर भरून सांबारवडी केली, पाहुण्यांसाठी. पाहुणे कोण ते अजून ठरलेलं नाही. चार वेळा एसटी स्टँडवर जाऊन आले. पाय मोकळे होतात.
संध्याकाळी सुगंधाबाई धापा टाकत आली. मुखरूच्या दुकानातल्या एसटीडीवर रीताचा फोन आला होता, तिला बोलावून घेतलं होतं. ‘बाई, लय मोठी चुकी झाली. आपली रीताच व्हती. त्या दिशी तुमाले हसवासाठी मजाक करून राह्यली व्हती. जेवाची सुटी बारकी, दोनदाच लावता येते म्हने. कंपनी तिले मनिलाले पाठवून राह्यली, दोन सालासाठी. आई नको म्हनन तं जात नाई, मंडईले येतो, हेच इचारत व्हती. आता इमानतळावर हाय.’
मी म्हटलं, मनिला फिलिपिन्समध्ये आहे. ती म्हणाली, ‘असंन.’
सांबारवडी गार झाली होती. तिच्या घरी बांधून दिली.

२१ नोव्हेंबर, दिवेलागण
विमानं उशिरा सुटतात, हे सर्वांना ठाऊक आहे. रीतानं सुगंधाबाईजवळ ऑफिसचा नंबर दिला होता, तो लावला. कोणी उचलला नाही. पुन्हा लावला. नाही. सुगंधाबाई शेजारी जमिनीवर बसून होती. तिसऱ्यांदा उचलला. मागे तीच जत्रा.
‘रेचल स्पीकिंग.’
मी म्हटलं, रेचल, मी आई.
पलीकडे नुसता श्वास. मग हळूच हिंदीत, की आंटी, रीता तर काल गेली. तिचं नाव आता मला मिळालंय.
पोरगी रांचीची आहे. नाकातून बोलते. जेवलीस का, विचारलं. नाही म्हणाली, ब्रेक संपला. एकही उच्चार दुरुस्त केला नाही.
उद्या याच वेळी करीन म्हटलं. पहिल्याच हाकेला उचल, असं बजावलं.