आईच्या स्वयंपाकघराची भिंत

प्रिय नीवेसताईस,

धाकट्या एवेलियोचा समुद्रापलीकडून वाकून नमस्कार. तुझे गुडघे, परसातल्या कोंबड्या आणि (तुझ्या हाताखाली इतकी वर्षं टिकलेले) भाऊजी, सगळे हिबाराच्या आपल्या घरात खुशाल असतील असं धरून चालतो. माझी तब्येत उत्तम आहे. पोट तेवढं सुटलंय, पण त्याला कारण माणसांची टंचाई आहे, ते सांगतो.

इथे मायामीत आपली मंडळी कॉफी दुकानाच्या खिडकीतून घेतात. कोलादा मागितली की एक मोठा पेला आणि सोबत चिमुकल्या कपांची चळत मिळते, चारचौघांत वाटून प्यायला. मी रोज तीच मागतो. खिडकीतली मिग्दालिया रोज विचारते, "काय हो चित्रकार, माणसं कुठे ठेवून आलात?" मी म्हणतो, येताहेत मागून. मग कोपऱ्यात उभा राहून ती पाकासारखी गोड कॉफी एकटाच संपवतो आणि कप खिशात घालतो (रंग कालवायला बरे पडतात). एकट्यापुरती कॉफी मागायची मला लाज वाटते, ताई. काय करणार.

एकदा धीर करून शेजारी उभ्या असलेल्या बाईंपुढे कप धरला. त्या निघाल्या ओफेलियाबाई, आपल्याच हिबाराच्या, चर्चमागच्या गल्लीतल्या. मी चित्रं काढतो म्हटल्यावर म्हणाल्या, "मग माझं तिथलं घर काढून द्या की." काढलं. म्हणाल्या, वर माडी होती. चढवली. मग सज्जा आठवला, मग अंगणातलं कारंजं. (इथे आलेल्या प्रत्येकाचं घर तिकडे माडीचंच होतं. बिनमाडीचे साऱ्या गावात आपणच राहत होतो असं दिसतं.) चित्र थाटात दिवाणखान्यात लागलं. त्यांचा चुलतभाऊ लिसांद्रो ते बघायला आला आणि म्हणाला, "अगं, हे तर डॉक्टरांचं घर. आपण समोर राहायचो." तेव्हापासून बाई माझ्याशी बोलत नाहीत. कॉफी पुन्हा एकट्याची झाली.

मला आधी हसू आलं. मग ठरवलं, आपण आपलं घर खरंखुरं काढायचं, नुसतं आईचं स्वयंपाकघर. चूल आली, दार आलं, तांदूळ निवडत स्टुलावर बसलेली आई आली. तिच्यामागच्या भिंतीपाशी ब्रश अडला. हिरवी होती की निळी? हिरवी लावली, तर आई त्यात बुडाली. निळी लावली, तर घराचा दवाखाना झाला. लिसांद्रोला विचारलं, तो छातीठोकपणे म्हणाला, "पिवळी." (त्यानं आपलं स्वयंपाकघर जन्मात पाहिलेलं नाही.) पिवळीही लावून पाहिली. आता कॅनव्हासवर इतका रंग चढलाय की टांगला तर वजनानं खिळा निघून येतो. गावच्या लोकांना त्यांची घरं काढून देणारा मी, आणि मला माझीच भिंत आठवत नाही. याची मला फार भीती वाटते. आज भिंत गेली, उद्या तिच्यापुढे बसलेली आई जाईल, आणि इथे मला आठवण करून देणारं कोणी नाही.

असो. बाकी सगळं छान चाललंय. मला इथे कशाचीच कमी नाही, तू काही पाठवायच्या फंदात पडू नकोस.

तुझा,
एवेलियो

ता. क. लिसांद्रो सामान घेऊन तिकडे येतोय. त्याच्या बॅगेत तुझ्या गुडघ्यांचं मलम, कॉफी आणि चिमुकल्या कपांची एक चळत आहे. कप तुम्हीच वापरा, तिथे प्यायला माणसं आहेत. परत येताना त्याच्याजवळ स्वयंपाकघराच्या दारामागच्या भिंतीचा एक पोपडा खरवडून दे. जाड काढ. वरून तुम्ही मिळेल तो रंग फासला असणार, पण आईच्या वेळचा थर खाली असेलच. मी शोधून काढीन.

आणखी एक. भिंत पाडून झाली असली तर मला कळवू नकोस. शेजारच्यांच्या भिंतीचा दे, आणि आपलाच म्हणून सांग.