चौदाव्या होलला चार

सोमवार, ३ मार्च

दहापैकी चार! दिले म्हणजे दिले.

समुद्रकाठचं गोल्फचं मैदान वाळूच्या उंचवट्यांवर जगतं. वारा आणि चढउतार मिळून खेळणाऱ्याला विचार करायला लावतात – तीच तर रचना. आणि यांचा चौदावा होल, म्हणजे पहिल्या फटक्यापासून झेंड्यापर्यंतचा अख्खा पट्टा? इस्त्री केलेली चादर! बावीस वर्षांपूर्वी परीक्षक म्हणून पहिल्यांदा आले ती इथेच. तेव्हा मधोमध दांडगं टेकाड होतं, पलीकडचं काही म्हणजे काही दिसायचं नाही. माझे अकरा फटके गेले, डोळ्यांत पाणी आलं. पण तसा होल पुन्हा कुठे पाहिला नाही. कुठल्या दीडशहाण्याने सपाट केला कोण जाणे. दिवसभर त्याच्या नावाने बोटं मोडतेय.

मंगळवार, ४ मार्च

समितीच्या अध्यक्षांनी चहाला बोलावलं. आम्ही तिघे परीक्षक. त्या दोघांचे नऊ-नऊ, माझे चार. "बाई, तुमच्या एका आकड्यापायी मैदानाचा पहिला दर्जा जातोय. सात करा आणि विषय संपवा."

म्हटलं, चाराचे साडेचारसुद्धा होणार नाहीत.

"मग पुढच्या वर्षी परीक्षकांच्या यादीत तुमचं नाव असेलच असं नाही." – आणि वर बिस्किटांची बशी पुढे सरकवली! एक खाल्लं. चांगलं होतं.

बुधवार, ५ मार्च

सकाळीच नवऱ्याचा फोन. "हात दाखवून अवलक्षण! सात दिलेस तर हात झिजेल का तुझा?"

हो, झिजेल! बावीस वर्षं याच हाताने सह्या केल्यात. ताडकन फोन ठेवला. मग वाईट वाटलं, पण परत केला नाही.

चौदावा पुन्हा चालले – उलटी, झेंड्यापासून सुरुवातीकडे. रचनेतली लबाडी उलटं चाललं की कळते. मधल्या पट्ट्यात गवतसुद्धा वेगळं आहे. गवत कापणारे काका यंत्र थांबवून बघत होते. विचारलं, टेकाड कुणी काढलं हो?

"बाहेरून कुणीतरी लिहून दिलं होतं म्हणे. कागद असेल गोदामात. शोधू?"

शोधाच! उद्या दुपारी समितीची बैठक आहे. त्या दीडशहाण्याचं नाव सगळ्यांसमोर घेणार. मग बघू कोण सात मागतं!

गुरुवार, ६ मार्च. सकाळ

काकांनी कागद दिला आणि ते यंत्राकडे वळले.

"चौदाव्या होलमधील टेकाड खेळाडूंवर अन्याय करणारे आहे. काढून टाकावे." खाली सही. माझी.

लिहिल्याचं आठवतही नाही. अकरा फटक्यांचा राग, शुद्ध भाषेत! लाज वाटली. फार. फाडून टाकावा असंही वाटलं – काका कुणाला बोलले नसते.

नाही फाडला. नाव घेणार म्हटलं होतं ना? घेणार! आणि गुण चारच.