मास्तर, वाजंत्री गप्पच निघाली

प्रिय मास्तर,

सुटले एकदाची! हे आधी सांगते, बाकीचं मागाहून. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात उंबराच्या पाण्याची कळशी ठेवली आहे, वर ओलं फडकं झाकलंय. आग्नू आत दमून झोपली आहे. तुमची बहीण ओट्यावर घोरते आहे. हो, आपल्याच ओट्यावर! आणि या भर दुपारी, तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदाच, तुमची आठवण आली तेव्हा रडू न येता बोलावंसं वाटलं. म्हणून लिहायला बसले. उद्या सकाळी आम्ही माथेरानला निघतो आहोत. परवा तिथल्या छोट्या चॅपेलमध्ये तुमच्या लेकीचं लग्न आहे. तुम्हालाच कळवायचं राहून गेलं, असं नको व्हायला.

पत्रावर 'मास्तर' असंच लिहिलं. दुसरं काय लिहिणार? अख्खं ठाणं तुम्हाला बँडमास्तर म्हणायचं, मीही तेच म्हणत आले. आणि मी शाळेतली बाई, म्हणून तुम्ही मला बाई म्हणायचात. कल्याणहून आग्नूला बघायला आलेल्या पाहुण्यांना वाटलं होतं, नवराबायको दोघंही शाळेतच शिकवतात! तुम्ही त्यांना म्हणालात, "ही पोरांना बोलायला शिकवते, मी बाप्यांना फुंकायला." किती हसले होते सगळे.

पण मास्तर, जाण्याची वेळ तरी बघायची! साखरपुडा झालेला, मांडवाचे बांबू ठरलेले, आणि तुम्ही नाताळच्या तोंडावर छातीला हात लावून जे बसलात ते उठलाच नाहीत. रागावू नका, पण त्या दिवसांत मी तुमच्यावरच जास्त चिडले होते. पोरीचं लग्न अर्ध्यावर टाकून जातं का कुणी?

आपल्या आळीचा नियम तुम्हाला माहीत आहे. घरचा कर्ता गेला की वर्षभर दारात मांडव नाही, नाच नाही, वाजंत्री नाही. आग्नू म्हणाली, थांबू वर्षभर. मीही म्हटलं, थांबू. तेवढ्यात इनासला बहारीनच्या तेल कंपनीची नोकरी लागली. तुमचा जावई भला आहे हो. स्वतः येऊन, खाली मान घालून म्हणाला, "आई, लग्न करून गेलो तर तिला मागून बोलावता येईल. नाहीतर मी परत येईपर्यंत तीन वर्षं तिने इथे वाट बघायची." बोट मे महिन्याच्या अखेरीची. तुमचं वर्ष भरायला तेव्हा अर्ध्याहून जास्त वर्ष बाकी!

डोंगराची कल्पना आग्नूची. "आई, पपा सीझनला जिथे वाजवायला जायचे तिथे जाऊ या. तिथे लहानसं चॅपेल आहे म्हणायचे ना? आपण आपली घरची माणसं. मांडव नको, काही नको." आपल्यात घरटी आमंत्रण द्यायचं, तिथे घरची माणसं म्हणजे किती? एकाला बोलावलं तर दहा रुसतात. पण दुखवटा आहे म्हटल्यावर कुणाला तोंड उघडता येईना. तुमच्या जाण्याने एवढी एक सोय झाली बघा!

उन्हाळा तापायच्या आत आम्ही दोघी चॅपेल बघायला गेलो. मी पहिल्यांदा माथेरान पाहिलं, मास्तर! लग्न झाल्यापासून दर वर्षी म्हणायचात, "बाई, पुढच्या सीझनला नेतो." कुठला पुढचा सीझन आणि कुठलं काय. नेरळला छोट्या गाडीत बसले तेव्हा मनात म्हटलं, नवऱ्याने नेलं नाही, लेकीने नेलं. गाडी वळणावळणाने चढत होती आणि आग्नू मला बोट दाखवून सांगत होती, जणू तीच दर वर्षी येते. हे सगळं तुम्ही तिला सांगितलं होतंत आणि मला नाही? माकडांचं मात्र दोघींना सांगायला विसरलात. माझ्या मांडीवरचा पाव एकाने असा हक्काने उचलला की मला वाटलं, तुमच्याच ओळखीतला असावा.

चॅपेल मला फार आवडलं. बुटकं कौलारू छप्पर, पायऱ्यांवर लाल माती, भोवती जांभळाची झाडं. आत चाळीस माणसं दाटीवाटीने मावतील. तुमचं बोलणं आठवलं: "त्यात कॉर्नेट फुंकला तर कौलं उडतील." आम्ही बाकावर बसलो. बाहेर वारा होता, बाकी काही नाही. मोटार नाही, टांगा नाही. आग्नू हळूच म्हणाली, "आई, इथे सगळंच शांत आहे. इथे वाजंत्री नसली तरी कुणाला उणं वाटणार नाही."

तेव्हा मला कळलं तिला डोंगर कशाला हवा होता. आपल्या आळीत तिचं लग्न मुकाट्याने झालं असतं तर प्रत्येक वळणावर तुम्ही नसल्याचं ऐकू आलं असतं. ज्याने गावातल्या सगळ्या पोरी वाजवत देवळात नेल्या, त्याची पोर गुपचूप जाणार! मी तिथेच फादरना भेटले आणि दिवस ठरवून टाकला.

झालं, मी निश्चिंत झाले. पण तुमची बहीण जिवंत आहे हे विसरले!

देवळात तीन रविवार नवरानवरीची नावं पुकारली, तोपर्यंत तेरेजबाय काही बोलल्या नाहीत. मग एक दिवस काळं लुगडं सावरत आल्या आणि ओट्यावर न बसता उभ्यानेच विचारलं, "उंबराचा पानी कोन आननार?" मी म्हटलं, तुम्हीच. आपल्या घरी पहिली कळशी आत्याच्याच डोक्यावर असते. विहिरीवर जायचं, उंबराची डहाळी घातलेलं पाणी घरी आणायचं, लग्नादिवशी नवरीने त्याने अंघोळ करायची. ही रीत मी मोडणार नव्हते. पाणी कळशीत भरून डोंगरावर न्यायचं, हेही ठरलं होतं.

"आनि वाजंत्री?" त्या म्हणाल्या.

"दुखवटा आहे ना, बाय. वाजंत्री कशी लावणार?"

"ता तर लावाचीच नाय. माज्या भावाला वरीस नाय झाला. पन वाजंत्रीशिवाय उंबराचा पानी कंदी ऐकलंस? असला मुका पानी मी डोक्यावर घेवाची नाय. पोरीला अपशकुन व्हईल."

आता सांगा मास्तर, करायचं काय? वाजली तर भावाचा अपमान, नाही वाजली तर भाचीला अपशकुन! इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते हेच. मी शाळेतल्या पोरांना समजावते तसं समजावून पाहिलं. फादर येऊन गेले. इनासची आई कल्याणहून आली, तिलाही बाय म्हणाल्या, "तुमी तुमच्या घरची रीत सांभाला." आणि निघून गेल्या.

आग्नूने हे ऐकलं आणि तिचा चेहराच उतरला. लहानपणी तिला न्हाऊमाखू घालणारी आत्या. पपा गेले, आता आत्यानेही पाठ फिरवायची? रात्री जेवली नाही. सकाळी मला म्हणाली, "आत्याने पाणी आणलं नाही तर मी डोंगरावर जाणार नाही. इनासला जाऊ दे बहारीनला. तीन वर्षं काय, निघून जातील." निघून जातील! तिने इनासलाही तसा निरोप पाठवला. तो बिचारा कल्याणहून धावत आला आणि ओट्यावर बसून राहिला. त्या दिवशी मी तुमच्या फोटोकडे पाठ करून बसले होते. तुमच्या घरच्या हट्टापायी माझ्या पोरीची तीन वर्षं जाणार होती.

मग आला तुमचा पेद्रू. मोठा ढोल वाजवणारा, स्वतःही ढोलासारखाच. तुमचा कॉर्नेट गुंडाळून ठेवला आहे ना, त्याला तेलपाणी करायला तो अधूनमधून येतो. मी कॉर्नेट काढून दिला आणि सगळं सांगितलं. त्याने पुसता पुसता ऐकलं.

"बाई," तो म्हणाला, "रीत काय सांगते? वाजंत्री पायजे. वाजली पायजे असा कोन म्हनलाय?"

"म्हणजे?"

"मास्तरांनी आमाला वाजवाला शिकवला, त्याच्या आदी गप बसाला शिकवला. आठवतंय? गान्यात मधी जिथं आवाज नाय, तिथं कोनी चुकला तर काठी पराची. म्हनाचे, 'गप जागा पन वाजवाची असते, मोजा!' मग आमी सगला मोजत जाव. डरेस घालून, वाजंत्री हातात घेवून. देवलापासून विहिरीपर्यंत, विहिरीपासून घरापर्यंत. फुंकाचा नाय."

तुमची ती काठी मला नेहमी क्रूर वाटायची, मास्तर. पोरं काय, मोठाले बाप्ये रडकुंडीला यायचे. तिचा असा उपयोग होईल असं कुणाला वाटलं असतं?

पेद्रू तसाच बायकडे गेला. मी मागोमाग. बायने लुगड्याचा पदर चाचपत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "वाजंत्री हाय, आवाज नाय. माज्या भावाचा पन मान, पोरीचा पन मान." आणि लगेच दरडावलं, "पन एक पन आवाज निंगाला, तर कलशी तितंच ठेवीन आनि घरा जाईन!"

आज सकाळी देवळात मिस्सा झाल्यावर निघालो. खरं तर पाणी लग्नाच्या आदल्या दिवशी आणायचं, पण उद्या गाडी गाठायची म्हणून बायने एवढी सूट दिली. पुढे तुमचा बँड, पांढऱ्या ड्रेसमध्ये, बटणं चकचकीत. दारादारांत माणसं उभी. कुणी कॉर्नेट ओठाला लावलेला नाही, सनई काखेत, ढोल पोटावर. पण पावलं! मास्तर, सगळ्यांची पावलं एका तालात पडत होती. तुमचीच चाल होती ती, ओळखीची. मी आयुष्यभर ती मांडवाच्या मागून ऐकली होती, आज पहिल्यांदा पाहिली.

विहिरीवर मिठागराच्या बांधावरून आणलेली उंबराची डहाळी कळशीत घातली. बायने कळशी डोक्यावर घेतली. आग्नू त्यांच्या पदराला धरून. परत निघालो आणि आळीच्या नाक्यावरच्या क्रुसाजवळ आलो. आठवतंय ना, तुम्ही काय करायचात? क्रुसापाशी बँड क्षणभर थांबवायचात आणि मग पेद्रूच्या ढोलावर एक मोठा टोला पडून चाल पुन्हा सुरू व्हायची. सगळे थांबले. मनातल्या मनात मोजत होते. आणि पेद्रूचा हात, त्याच्याही नकळत, वर गेला.

धम्म!

मास्तर, पेद्रू टिपरू हातात धरून दगडासारखा उभा. सगळी आळी बायकडे बघायला लागली. आग्नूने डोळे मिटून घेतले. मला वाटलं, संपलं सगळं, आता कळशी खाली उतरणार.

बायने कळशी डोक्यावर सावरली. मान न हलवता म्हणाल्या, "जाग्यावर परला रे, पेद्रू."

मग त्यांचा आवाज फुटला. "तो तुजा हात नव्हता. त्याचाच होता. चला, पुढं चला!"

आणि त्या चालू लागल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, कळशीतला मात्र एक थेंब सांडला नाही. बँड पुन्हा गप्प, पावलं पुन्हा तालात. आग्नू रडत होती आणि हसतही होती. दारात आल्यावर बायने कळशी तिच्या हातात दिली, तिच्या कपाळावर क्रुसाची खूण केली, आणि मला म्हणाल्या, "लुसी, भूक लागली गो. फुगे तललंस का नाय?" तळले होते, मास्तर. आंबवलेल्या मैद्याचे टोपलीभर तळले होते, वाटलं नव्हतं कुणी खाईल म्हणून. पेद्रूला जबरदस्तीने बसवलं, तो मान वर करेना. बायने स्वतः त्याच्या ताटात फुगे वाढले. इनासला कल्याणला निरोप गेला आहे, उद्या तो आणि त्याच्या घरचे गाडीत तिथे चढतील.

किती हलकं वाटतंय म्हणून सांगू! गेले कित्येक महिने मी श्वास अर्धाच घेत होते.

आता एकच सांगायचं उरलं. चॅपेलमध्ये आग्नूला हाताला धरून पुढे कोण नेणार, हा प्रश्न होता. तिचा मामा तयार होता. आग्नू म्हणाली, "पपांच्या जागी कुणी नको. आई, तूच चल." मी म्हटलं, असं कुठे असतं का? फादरना विचारलं तर म्हणाले, "बाई, आईच्या हाताला देवाची ना नाही." तेव्हा मीच जाणार आहे, काळ्या लुगड्यात, लेकीचा हात धरून.

तुम्ही हसत असाल. आपल्या लग्नाच्या वरातीतच तुम्ही पुटपुटला होतात, "बाई, ताल चुकतोय तुझा." त्यानंतर उभा जन्म तेच ऐकलं. बाईला ताल नाही, बाईला ताल नाही. पण आज मी तुमच्या बँडमागे विहिरीपर्यंत गेले आणि परत आले, आणि गप्प जागा कशी मोजायची ते शिकले.

तर मास्तर, वचन देते. परवा दारापासून वेदीपर्यंत एकही पाऊल चुकणार नाही. वाजंत्री नसेल, ढोल नसेल, बाहेर फक्त वारा असेल. पण तुमच्या लेकीचा हात माझ्या हातात असेल आणि मी मनातल्या मनात तुमची चाल मोजत असेन, सगळीच्या सगळी.

तुमची,
बाई