माखाची शर्यत

२१ ऑगस्ट
आयर्लंडमधल्या आर्मा गावाबाहेरच्या या घरात आलो एकदाचा. खिडकीतून एमेनची हिरवी टेकडी दिसते, आणि घरमालकीण नूला सकाळी गरम पाव, लोणी आणि कडक चहा आणून देते. शनिवारी गावात माझ्या वाचकांचा मेळावा आहे. माझ्या कादंबऱ्यांतली पात्रं बनून सगळे मिरवणूक काढतात. लेखकाला आणखी काय हवं? बायको ब्रोनाही आली आहे. आठवा महिना, पोटात जुळी; डॉक्टरांनी फिरायला मनाई केलीय. माझ्या कादंबरीच्या मुखपृष्ठावर इथल्या दंतकथेतली माखा देवी आहे, तिच्या चित्रासाठी ब्रोनाच उभी राहिली होती. या लोकांसमोर माझं नाव काढू नकोस, एवढंच तिचं मागणं.

२२ ऑगस्ट
नूला घोड्या पाळते. त्यांच्या बाळंतपणात तिचा हात धरणारं कुणी नाही. माझं पुस्तक वाचून मात्र तिचं डोकं फिरलंय. राजाच्या घोड्यांशी शर्यतीत मी पुस्तकात माखाला हरवलं आणि राजाची दासी केलं. खप त्यानेच वाढला. नूला म्हणाली, "अरे शहाण्या, नवऱ्याने भर जत्रेत बढाई मारली, म्हणून त्या भरल्या पोटाच्या बाईला पळावं लागलं. आणि ती जिंकली. तिथेच तिला जुळी झाली. मजा बघणाऱ्या पुरुषांना तिने शाप दिला, तुम्हालाही बाळंतकळा येतील म्हणून. यातलं तुला नेमकं तिचं जिंकणंच खुपलं होय?"
मी हसलो. देवीबिवी काही कोर्टात जात नाही, म्हटलं.

२४ ऑगस्ट
काल पबमध्ये जरा जास्तच बोललो. खरी माखा मिरवणुकीच्या पुढे चालेल, तीही भरल्या पोटाने, असं सांगून टाकलं. टाळ्या पडल्या. प्रकाशक ओडरानने लगेच रथ आणि घोडे ठरवले. आता माघार घेतली तर माझं हसं होईल. ब्रोना रडली नाही. बाळं होऊन जाऊ दे, मग कुठेही चालेन, म्हणाली. दोन गल्ल्या तर चालायचंय, त्यात एवढं काय?

२६ ऑगस्ट, शनिवार
चालली. पुरुष ओरडत होते, मी सगळ्यांत मोठ्याने. चढावर ती थांबली, वळून माझ्याकडे पाहिलं, आणि एवढी झपाझप निघाली की रथाचे घोडे मागे पडले. चर्चच्या पायरीवर बसली. दवाखान्यात न्यायला वेळच नव्हता. नूलाने तिथेच तिची सुटका केली. मुलगा आणि मुलगी. ब्रोना एकदाही कण्हली नाही. हिला कळा आल्याच नाहीत, असं नूला म्हणते.

२७ ऑगस्ट
पाठीतून कळ येते. जाते, पुन्हा येते. डॉक्टरांना काही सापडत नाही. ओडरानचा फोन आला, बोलता बोलता किंचाळला. त्यालाही तेच. काल ओरडलेल्या प्रत्येक पुरुषाला — बायकांना काही नाही.

२८ ऑगस्ट
पोटात काहीतरी फिरतंय. लाथा मारतंय. हात ठेवला तर कातडीखाली खूर — देवाशप्पथ, खूर. नूलाला हाका मारल्या. दारात आली, बघितलं, म्हणाली, घोडी असतीस तर हात लावला असता. गेली.

सकाळ
ब्रोना उशाशी बसलीय, दोन्ही बाळं मांडीवर. चेहरा तिचा, नजर तिची नाही. पाया पडलो. माफ कर म्हटलं. हे होऊन जाऊ दे, मग बोलू, म्हणाली — हातात पेन दिलं. शेवट बदल म्हणते. बदलतो — लिहितोय, बघ — फाटतंय सगळं — माखा धावली आणि माखा जिं