खजुराच्या टोपलीविषयी अमेरिकेस निवेदन

रविवार, १ फेब्रु.
वॉशिंग्टन निद्रिस्त, रियाध कार्यरत. अमेरिकी सरकारचे राजपत्र रविवारी निघत नाही. सबब ज्या नित्यपठणार्थ रियाधच्या ओलाया भागातील ही सल्लागार संस्था मला पोसते, ते कर्मच नाही. त्यांचे राष्ट्रीय ऋण तेवढे अवलोकिले. वर्धमान. घटेल त्या दिवशी लाल शाईने लिहीन.
सौ. : "तुम्ही काय त्यांचे जामीन आहात?"
रियाल डॉलरला बांधलेला, आमची पुंजी रियालात. किंचित आहे.

सोमवार, २ फेब्रु.
दुपारी राजपत्र अवतीर्ण. प्रस्तावित नियम : पात्यांनी विणलेल्या वेष्टनातून येणाऱ्या खाद्यवस्तूंस बंदरावर रासायनिक धुरी. तत्काळ अश्फाकभाई स्मरले. मूळ रत्नागिरीचे, इथल्या बथा बाजारात खजुराचे व्यापारी. खजुरीच्या पात्यांच्या टोपल्या खजुराने भरून अमेरिकेस धाडायच्या, या एका सौद्यापायी जुनी गिऱ्हाइके सोडून बसलेत.
फोनवर : "धुरी दिलेला खजूर उंदीर पण खायचा नाय, पंत."
प्रस्तावाच्या तळाशी मात्र : कोणीही अभिप्राय धाडावा. मुदत ६ मार्च.

मंगळवार, ३ फेब्रु.
संस्थेतर्फे अभिप्राय द्यावा, अशी मॅनेजर फैसलसाहेबांस विनंती. "हबीबी, वुई रीड. वुई डोंट राइट. खलास." साक्षरतेची इतकी सुबक वाटणी प्रथमच ऐकली.
स्वतःच्या नावे लिहू? साहेब छताकडे पाहू लागले. घरून लिही म्हणाले, ऑफिसचे नाव नको.
सौ. : "अहो, इकाम्याच्या परवान्यावर राहतोय आपण. नोकरी गेली की देश सुटला. परक्या सरकारला पत्रं कसली लिहिता?"
मुद्दा सबळ. तथापि : राहतो त्या देशी मला मत नाही, मत आहे त्या देशी मी नाही, आणि जिथे कधी पाऊल टाकले नाही, ते सरकार विचारते आहे, तुमचे म्हणणे काय? अनुत्तरित राहणे असभ्यपणाचे. लिहिणार.

रविवार, १५ फेब्रु.
मसुदा सिद्ध. अश्फाकभाईंस मराठीत सांगितला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकला, हे त्यांचे औदार्य.
"पंत, हे निवेदन हाय की श्राद्धाचा संकल्प? टोपली कुठं हाय यात?"
टोपली पाचव्या परिच्छेदात होती. आता पहिल्या वाक्यात. पाती विणण्यापूर्वी भट्टीत तापवतात, कीड तिथेच मरते. तेव्हा पाती तापवल्याचा इथला दाखला ग्राह्य धरून धुरी माफ करावी. इतकेच मागणे.
कन्या : "बाबा, कोई नहीं पढ़ता ये सब. बॉट पढ़ता है."
बॉटासही समजेल असे लिहितो आहे.

शुक्रवार, २७ फेब्रु.
अश्फाकभाईंकडे इफ्तार. अमेरिकन गिऱ्हाईक कचरले आहे. म्हणते, प्लास्टिकच्या डब्यांतून पाठवा.
"डब्यातला खजूर त्यांना तिथं ढीगभर मिळतो. माझ्याकडनं कशाला घेतील?" मग, "राहू दे पंत. तुमच्या पोटावर येल."
मी एका शब्दात उत्तर दिले : नाही. माझ्याकडून एकच शब्द आल्याने भाई घाबरले असावेत. पाणी पुढे केले.

शुक्रवार, ६ मार्च
सुट्टी. घरचा संगणक, घरचा चहा. सौ.ने निवेदन मागून घेतले, उभ्या उभ्या वाचले, दोन विशेषणे कापली.
"आता धाडा."
कोणाच्या वतीने, असा रकाना होता. स्वतःच्या, असे लिहिले. गेले.

सोमवार, ९ मार्च
राजपत्र आले. टोपलीविषयी अवाक्षर नाही. अंतिम निर्णयास महिने लागतात, कधी वर्ष. फैसलसाहेबांनी आज विचारले, "यू सेंट?" हो म्हटले. मान हलवून गेले. अर्थ लागला नाही.
अमेरिकेचे ऋण वाढले.
सायंकाळी अश्फाकभाईंचा फोन. टोपल्यांसाठीच्या पात्यांची गाडी दारात उभी, ड्रायव्हर घाईने यल्ला यल्ला करतोय. "परत पाठवू, की उतरवून घेऊ, पंत? सांगा."
म्हटले, उतरवा.